पाण्याखालचे ऊन

गेल्या दिवाळीनंतर आमच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढण्यात आला. पट्टी सुटली त्या सकाळी आम्ही स्नेहलतागंजातील आमच्या ओसरीवर नेहमीच्या खुर्चीत बसलो होतो. समोरच्या घराची भिंत पाहून आम्ही आत हाक दिली, "अगं, समोरच्यांनी रंग कधी काढला?" आतून उत्तर आले की रंग तीन वर्षांपूर्वीचाच आहे, आणि डोळ्याला ताण देऊ नका असे डॉक्टरांनी बजावले आहे. तेव्हा आम्ही गुपचूप एक प्रयोग केला. डावा डोळा मिटला, तर भिंत दुधासारखी शुभ्र आणि तिच्यावर किंचित निळसर झाक. उजवा मिटला, तर तीच भिंत साजूक तुपात बुडवून काढल्यासारखी.

डॉक्टरांना विचारले तेव्हा खुलासा झाला. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळे पडत जाते आणि ते पिवळे भिंग निळा प्रकाश वाटेतच अडवून धरते. हे इतके सावकाश घडते की ज्याचे त्याला कळत नाही. म्हणजे गेली दहा-बारा वर्षे आकाश निळे आहे असे आम्ही म्हणत होतो ते बऱ्याच अंशी आठवणीच्या आधारावर! डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया उन्हाळ्यापर्यंत पुढे गेल्यामुळे चार-पाच महिने आमच्यापाशी एकाच जगाच्या दोन प्रती राहिल्या. त्याच अवधीत, माघी पौर्णिमेच्या सुमारास, मालवणास जाण्याचा योग आला. या खेपेचा मजकूर त्या प्रवासाचा आहे. परंतु भिंतीची ही हकीकत आधी सांगितल्यावाचून तो नीट कळला नसता.

इंदूरकराने समुद्राविषयी काय म्हणून लिहावे, असा प्रश्न आमच्या एका स्नेह्यांनी केलाच. आपले गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, आणि आपला पाण्याशी संबंध १९७८ पासून नळाने येणाऱ्या नर्मदेपुरता. प्रश्न रास्त आहे. तथापि येथील कित्येक मराठी घरांची कुलदैवते अजून कोकणातच आहेत, आणि आमचे मूळ पुरुष होळकरांच्या पदरी आले ते मालवणच्या बाजूनेच. शिवाय श्रावणात ओंकारेश्वरी जाऊन ज्याने नर्मदेच्या पाण्याची ओंजळ भरली आहे, त्याला ओंजळीचा तळ दिसेनासा होतो म्हणजे काय हे कोणी शिकवावयास नको. आम्हांस ठाऊक नव्हते ते एवढेच की, त्या न दिसणाऱ्या तळाशी कोणी राहते, आणि आपल्याला दिसणे-न दिसणे ही त्याची रोजची भाकरी असते.

अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई, तेथून कोकण रेल्वेने कुडाळ आणि पुढे मालवण, असा प्रवास झाला. बरोबर आमच्या सौभाग्यवती होत्या. नात गोवा विद्यापीठात समुद्रविज्ञान शिकते; ती तिकडून परस्पर आली. कुलदैवताचे दर्शन झाले, ओटी भरून झाली, आणि दुपारी चारच्या सुमारास नातीच्या आग्रहावरून आम्ही होडीत बसलो. सिंधुदुर्ग किल्ला ओलांडून पलीकडच्या खडकांपाशी होडी थांबली. तोंडावर काचेचा मुखवटा, दातांत श्वास घेण्याची नळी आणि दोन्ही हातांत रबरी कडे, अशा थाटात आम्ही डोके पाण्यात घातले. डॉक्टरांची अनुमती घेतली होती, हे सांगून ठेवतो.

दिनदर्शिकांवरील चित्रे पाहून आमची जी कल्पना झाली होती तिच्यातले तेथे काहीही नव्हते. दाट मटारच्या आमटीसारखे हिरवट धुके. त्यात स्वतःचा पंजा दिसे, कोपरापुढचे सारे अंदाजाने. पाच मिनिटांत आम्ही वर आलो. नावाड्याला आमचा चेहरा वाचता आला असावा. तो म्हणाला, "आज काय दिसूचा नाय, आजोबा. सुकती आसा, वारोय आसा. उद्या दहाच्या सुमाराक येवा, पानी चढताना बघा."

त्या एका वाक्यात जेवढे शास्त्र होते तेवढे नंतर नातीने आम्हांस तासभर समजावून सांगितले. पौर्णिमेच्या आगेमागे भरती-ओहोटी मोठी असते. त्याला उधाण म्हणतात. अशा वेळी ओहोटी लागली की खाड्यांतील गढूळ पाणी वेगाने बाहेर पडते आणि किनाऱ्याचा चिखल उचलून घेऊन येते. दुपारी जमीन तापते आणि समुद्रावरून वारा सुटतो. त्याच्या लाटांनी उथळ पाण्याचा तळ ढवळला जातो. सकाळी वारा पडलेला असतो. तिथीमुळे भरती तेथे ऐन दुपारच्या जरा आधी पूर्ण होणार असते, आणि ती बाहेरचे, खोल समुद्राचे निवळ पाणी आत आणते. याखेरीज सूर्याचा भाग वेगळाच. सूर्य डोक्यावर असता पाण्यावर पडलेल्या उन्हातले शेकडा दोनच भाग परत फिरतात. तो क्षितिजापासून दहा अंशांवर आला म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ऊन पृष्ठभागावरच परतवले जाते. आपल्याला सायंकाळी समुद्र सोन्यासारखा झळकताना दिसतो ना, ते सोने म्हणजे खाली न गेलेले ऊन. पाण्याखाली दिवस उशिरा उजाडतो आणि लवकर मावळतो. आपण वाळूवर बसून सूर्यास्ताची वाट पाहत असतो तेव्हा तळाशी कधीच दिवेलागण होऊन गेलेली असते.

नातीजवळ एक ताट होते. साधे पोलादी ताट, पांढरा रंग दिलेले. काठाला तीन भोके पाडून तराजूच्या पारड्यासारखे दोरीला टांगलेले आणि खाली वजन बांधलेले. दोरीला अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी. ते होडीच्या सावलीच्या बाजूने सोडावयाचे, दिसेनासे झाले की गाठ मोजावयाची, वर ओढताना पुन्हा दिसू लागले की परत मोजावयाची, आणि दोहोंची सरासरी घ्यावयाची. आम्ही हसलो. तेव्हा तिने सांगितले की ही युक्ती १८६५ सालची आहे. अँजेलो सेक्की नावाचे इटालियन पाद्री आणि खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांनी पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या माणसाने समुद्राचे ऊन मोजण्यासाठी ताट वापरावे, ही गोष्ट आम्हांस फार आवडली. आज विद्युत-उपकरणे आहेत. गोव्यात दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. १९९९ पासून आपल्या देशाचे ओशनसॅट उपग्रह आकाशातून समुद्राचा रंग वाचीत आहेत. तरी सेक्कींचे ताट अद्याप निवृत्त झालेले नाही.

त्या दुपारी ताट पावणेदोन मीटरवर नाहीसे झाले. दुसऱ्या दिवशी साडेदहाला त्याच खडकाजवळ ते साडेपाच मीटरपर्यंत दिसत होते. ठोकळ हिशोब असा आहे की, ताट अदृश्य होते त्याच्या दुपटी-तिपटीच्या खोलीवर पृष्ठभागावरील उजेडाचा शंभरावा हिस्सा शिल्लक राहतो. आणि वनस्पतीला कसेबसे जगावयास तेवढा तरी लागतो. म्हणजे खालच्या पाच मीटरवरील खडकाला आदल्या दुपारी उपाशीपोटी ठेवले गेले होते, आणि दुसऱ्या सकाळी त्याच्यापुढे भरलेले पान होते. खोली तीच, जागा तीच. मधे अठरा तास सरले, इतकेच.

त्या दुसऱ्या सकाळी आम्ही पुन्हा डोके पाण्यात घातले, आणि खरे सांगावयाचे तर वर यावेसेच वाटेना. तळाच्या वाळूवर उन्हाची जाळी सरकत होती. प्रत्येक लहान लाट भिंगासारखी वागते. उंचवटा ऊन एकवटतो, खळगा ते पसरतो. त्यामुळे मीटर-दोन मीटर खोलीवर एखाद्या ठिपक्यापुरता उजेड क्षणार्धात सरासरीच्या कित्येक पट होतो आणि लगेच विझतो. तेथे उगवलेल्या शेवाळाला स्थिर ऊन ठाऊकच नाही. त्याला दिवसभर कोणी दिव्याचे बटण खालीवर करीत असल्यासारखे वाटत असेल. मान वळवून वर पाहिले तेव्हा आणखी एक मौज दिसली. सारे आकाश, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, डोक्यावरच्या एका गोल झरोक्यात गोळा झाले होते आणि झरोक्याबाहेरचा पृष्ठभाग आरशासारखा तळच परत दाखवीत होता. पाण्यात शिरताना किरण वाकतात म्हणून असे होते. माशाला आकाश नेहमी एवढ्याच खिडकीतून दिसते.

मग आम्ही डोळे मिटण्याचा आमचा खेळ तेथेही केला. उजव्या डोळ्याला पाणी निळसर हिरवे, डाव्याला पिवळट हिरवे. वर येऊन नातीला सांगितले तर ती टाळी वाजवून म्हणाली, "आजोबा, तुमच्या डाव्या डोळ्यात खाडी आहे!"

हा विनोद नव्हता. शुद्ध पाणी तांबडा प्रकाश झपाट्याने गिळते आणि निळा सर्वांत दूर जाऊ देते. समुद्र निळा का, यावर पूर्वी मोठमोठ्यांचे म्हणणे असे होते की तो आकाशाचे प्रतिबिंब दाखवितो. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन 'नारकुंडा' बोटीने विलायतेहून परत येत असताना त्यांनी भूमध्य समुद्राची निळाई पाहिली, जवळच्या लोलकाने पृष्ठभागावरचे प्रतिबिंब वगळून पुन्हा पाहिली, आणि ती निळाई पाण्याची स्वतःची आहे असे दाखवून दिले. पुढे १९३० च्या नोबेल पारितोषिकापर्यंत गेलेली वाट तेथे सुरू झाली. परंतु ही खोल समुद्राची गोष्ट. किनाऱ्याजवळ निळ्याला निराळेच शत्रू भेटतात. कांदळवनातील आणि नदीकाठची कुजलेली पाने पाण्यात मुरतात आणि कोऱ्या चहासारखा पिवळट अर्क उतरतो. हा अर्क निळा प्रकाश शोषून घेतो, म्हणजे आमच्या पिकलेल्या भिंगाचेच काम करतो. सूक्ष्म वनस्पती निळाही खातात आणि तांबडाही. गाळाचे कण उजेडाला दाही दिशांस उधळतात. एका टोकाने तांबडा गेला, दुसऱ्या टोकाने निळा गेला. उरला मधला हिरवा. देवबागला, कर्ली नदी समुद्रास मिळते तेथे, आम्ही ताट सोडले तर ते सव्वा मीटरवरच गेले. आणि जाता जाता पांढरे राहिले नाही, तांबूस तपकिरी होत गेले. पावसाळ्यात तर सह्याद्रीवरून धावत येणाऱ्या या आखूड नद्या जांभ्याची लाल माती घेऊन येतात. वर ढग, खाली गाळ. चार महिने तळाशी जवळजवळ काळोखच.

आता अंगठीचे प्रकरण. आमच्या पत्रिकेतील मंगळाच्या समाधानासाठी मातोश्रींनी लग्नाआधी सराफ्यातून पोवळ्याची अंगठी करून घेतली होती. नात मार्गदर्शकासह सहा मीटर खाली जाणार होती, ती म्हणाली, "अंगठी द्या, खाली नेऊन दाखवते तुम्हाला गंमत." सौभाग्यवतींनी विरोध केला. समुद्रात पडली तर? मंगळ रुसला तर? शेवटी अंगठी दोऱ्याने मनगटाला बांधून, मूठ मिटून नेण्याच्या अटीवर तह झाला. ती खाली असेपर्यंतची ती दहा-बारा मिनिटे होडीत कोणीही बोलले नाही.

वर आल्यावर तिने प्रथम मूठ उघडून आजीला अंगठी दाखविली आणि मग म्हणाली, "आजोबा, तुमचा मंगळ खाली काळपट चॉकलेटी झाला होता. सरांनी टॉर्च लावला तेव्हा परत लाल!"

हिशोब सावकाराच्या चक्रवाढीसारखा आहे, फक्त उलटा. तांबड्या उजेडाचा सुमारे शेकडा तीस इतका हिस्सा पहिल्या मीटरला जातो, उरलेल्याचा तितकाच हिस्सा दुसऱ्याला, आणि असेच पुढे. पाच मीटरवर मूळच्या सहाव्या हिश्श्याइतकाच उरतो, दहा मीटरवर पस्तिसाव्याइतका. आणि तांबडी वस्तू म्हणजे तरी काय? तांबडा उजेड परत पाठविणारी वस्तू. तो आलाच नाही तर ती पाठविणार काय! गंमत अशी की आपल्या अंगठीतले हे तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले, अंधाऱ्या कपारींत आणि खोल पाण्यात वाढणारे. ज्या रंगासाठी आपण त्याचे मोल देतो तो रंग त्याच्या घरी कोणालाही दिसत नाही.

मालवणची प्रवाळे या दागिन्याच्या पोवळ्याहून निराळी. ती उन्हावर जगतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले भाडेकरू म्हणून राहतात आणि भाड्यादाखल बहुतेक अन्न पुरवितात. ऊन नाही तर शैवालाची चूल पेटत नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशी प्रवाळे फार थोड्या ठिकाणी आहेत. म्हणूनच १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला. आम्ही किनाऱ्यावर चार दिवस राहून त्यांची बाजू ऐकली आणि ती सर्वस्वी गैर आहे असे आम्हांस वाटले नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तो समुद्र राखून खाल्ला त्यांनाच प्रथम उंबऱ्याबाहेर उभे करणे न्यायाचे नाही. दुसरीकडे, प्रवाळांवर पाय देऊन उभे राहणारे हौशी पर्यटक आम्ही डोळ्यांनी पाहिले. त्यांनी उडविलेला गाळ दोन प्रकारे मारतो: पाण्यात असेपर्यंत उजेड अडवितो आणि खाली बसला की प्रवाळाचे तोंड बुजवितो.

येथे आम्हांस आमचेच एक मत मागे घ्यावयाचे आहे. पाणी जितके आरपार तितके निरोगी, असे आम्ही आजवर धरून चाललो होतो. गोष्ट इतकी सरळ नाही. जी सूक्ष्म वनस्पती पाणी हिरवे करते तिच्यावरच बांगडा-तारलीचे पोट चालते; काचेसारख्या निळ्या समुद्रात मासळी बहुधा थोडी. पाणी फार तापले की प्रवाळे आपले भाडेकरू हाकलतात आणि पांढरीफटक पडतात. मालवणलाही संशोधकांनी असे विरंजन नोंदविले आहे. त्या काळात प्रखर ऊन हे संकटच ठरते, आणि काही ठिकाणी किंचित गढूळ पाण्यानेच छत्री धरून प्रवाळांना तारले असे दिसून आले आहे. आपल्याला जवळच्या जामनगरकडे, कच्छच्या आखातात, १९८२ सालचे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील प्रवाळे तर गढूळ पाण्यातच नांदतात. तेव्हा प्रश्न पाणी गढूळ की निवळ हा नाही. किती दिवस गढूळ, कोणत्या ऋतूत, आणि आणखी कोणते संकट त्याच वेळी दाराशी आले आहे, हे पाहावे लागते.

शेवटच्या रात्री आम्ही किनाऱ्यावर बसलो होतो. जवळ एक वृद्ध रापणकर जाळ्याची भोके सांधीत होते. रापण म्हणजे होडीने समुद्रात वळसा घालून टाकलेले आणि किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी माणसांनी ओढलेले लांबलचक जाळे. साऱ्या वाडीचे काम आणि साऱ्या वाडीचा वाटा. बोलता बोलता पाण्यातल्या उजेडाचा विषय निघाला तेव्हा ते एकदम गंभीर झाले. रात्री मोठ्या नौका एलईडीचे प्रखर दिवे पाण्यावर आणि पाण्यातही सोडतात. उजेडाकडे बारीक जीव येतात, त्यांच्यामागे लहान मासे, त्यांच्यामागे मोठे. मग भोवती पर्ससीन जाळे टाकून पिलांसकट सारे उचलले जाते. केंद्र सरकारने २०१७ साली अशा मासेमारीस बंदी केली; महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ साली सुधारणा होऊन दंडही वाढला. मालवणच्या छोट्या मच्छीमारांनी यासाठी मोर्चे काढले, समुद्रात जाऊन नौका अडविल्या. तरी अंधाऱ्या रात्री क्षितिजावर दिव्यांची रांग दिसते, असे त्यांचे म्हणणे. आम्हांस मात्र ती दिसली नाही. त्यांनी वर बोट केले. पौर्णिमा होऊन तीनच रात्री झाल्या होत्या, आणि भरल्या चांदण्यात दिव्याचा प्रभाव पडत नाही म्हणून तसले दिवेवाले घरी बसतात. "चंद्र आसा तवसर मासो आमचो," असे म्हणून ते पुन्हा जाळ्याकडे वळले.

पाण्यावर चांदणे पसरले होते. आम्ही आधी डावा डोळा मिटला, मग उजवा. या खेपेस दोहोंत काही फरक दिसला नाही. अंधुक उजेडात माणसाच्या डोळ्याला रंग कळतच नाहीत, हे नातीने घरी येता येता सांगितले.

आमचा दुसरा डोळाही आता शस्त्रक्रिया होऊन मोकळा झाला आहे, आणि अंगठी सौभाग्यवतींनी कपाटात कुलूपबंद केली आहे. नातीचे ताट अजून तिच्याकडेच असले तरी आम्ही स्वतःपुरते दुसरे केले आहे. वाचकांपैकी जे येत्या हिवाळ्यात कोकणात कुलदैवताला जातील त्यांनी तसेच एक बरोबर न्यावे. रंग चकाकणारा नसावा, पांढराच पण मंद असावा. दोरी ओली झाल्यावर ताणते, म्हणून गाठी ती भिजवूनच माराव्यात. होडीवाल्यास इंजिन बंद करावयास सांगावे आणि तळावर ताट आपटणार नाही इतकी खोल जागा निवडावी. माप आमच्याकडे पाठविताना स्थळ आणि तिथी तर लिहावीच, परंतु घड्याळातील वेळ आणि पाणी चढत होते की उतरत होते हे लिहावयास विसरू नये.